शून्य, ट्रेस आणि नोंदच नाही

सकाळी ८.३०

साडेआठ वाजले की हवामान खात्याच्या हिशेबात पावसाचा एक दिवस संपतो आणि दुसरा सुरू होतो. कुलाबा आणि सांताक्रूझ इथल्या वेधशाळांत निरीक्षक पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात आणि गेल्या चोवीस तासांचा जो आकडा येईल तो आजच्या तारखेला लागतो. पाऊस काल दुपारीच पडून गेला असला तरी नोंद आजची.

मी या वेळी ठाकूरद्वारच्या घरी डबा भरत असते. आज भाजी डब्यात घालता घालताच फोनवर प्रश्न आला. आमच्या टीममधला नवा मुलगा पुण्याहून काम करतो. रात्री उशिरापर्यंत तो जुन्या नोंदी तपासत बसला होता. ‘ताई, सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर आपल्या फाइलमध्ये २७ जुलै २००५ ला दिसतायत. सगळे २६ जुलै म्हणतात. फाइल चुकली की आपला स्कीमा?’

दोन्ही बरोबर आहेत. २६ तारखेला दुपारनंतर कोसळलेला तो पाऊस मोजला गेला २७ च्या सकाळी साडेआठला: ९४४.२ मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३.४. लोकांच्या मनात कोरली गेलेली तारीख पाऊस पडल्याची आहे, फाइलमधली मोजल्याची. रकान्याला आम्ही नुसतं ‘तारीख’ असं नाव दिलं तर येणारा प्रत्येक माणूस इथे अडखळणार. मी त्याला कळवलं, ‘रकान्याचं नाव “मोजणीची तारीख” कर आणि वर्णनात एक ओळ घाल: त्या दिवशी भारतीय प्रमाणवेळेनुसार ८.३० ला संपणारे २४ तास. बाकीचं ऑफिसला पोचल्यावर बोलू.’

९.२०

चर्नी रोडहून दादरकडे जाणारी स्लो. या वेळी गर्दीचा लोंढा उलट्या दिशेला, चर्चगेटकडे असतो, त्यामुळे बसायला मिळतं आणि वाचता येतं.

माझं काम काय, हे वाडीतल्या बायकांना सांगताना मी म्हणते, ‘फाइलींचं वर्णन लिहिते.’ ते खरंच तेवढंच आहे. जगात असंख्य प्रकारच्या फाइली आहेत: बँकांच्या, विमानांच्या, दवाखान्यांच्या, वेधशाळांच्या. प्रत्येकीची मांडणी वेगळी. पूर्वी प्रत्येक मांडणीसाठी वेगळा प्रोग्राम लिहायचे, आणि मांडणीबद्दलचं सगळं ज्ञान त्या प्रोग्रामच्या पोटात गडप व्हायचं. डेटा फॉरमॅट डिस्क्रिप्शन लँग्वेज, म्हणजे डीएफडीएल, हे ज्ञान बाहेर काढून कागदावर मांडते. हा रकाना इतक्या बिटांचा, हा स्वल्पविरामापर्यंत, हा असला तर असला, नसला तर पुढे चला, असं वर्णन एक्सएमएल स्कीमाच्या आधाराने लिहायचं. पार्सर ते वाचतो आणि त्याबरहुकूम फाइल उलगडतो. ओपन ग्रिड फोरमने या भाषेचं सध्याचं स्पेसिफिकेशन २०२१ मध्ये जीएफडी.२४० या क्रमांकाने काढलं आणि २०२४ मध्ये ते आयएसओचं मानक झालं. अपाची डॅफोडिल हा तिचा खुला पार्सर.

भाषा शिकायला वेळ लागत नाही. कस लागतो तो कडेच्या प्रकरणांत, ज्यांना आम्ही दिवसभर ‘एज केस’ म्हणतो. रकाना रिकामा असेल तर? रकानाच नसेल तर? रकान्यात शून्य असेल तर ते शून्य खरं की ‘माहीत नाही’ची खूण? स्पेसिफिकेशनने यासाठी निरनिराळ्या स्थिती नावानिशी वेगळ्या केल्या आहेत: निल, रिकामी, नेहमीची आणि गैरहजर. पहिल्यांदा वाचताना हा काथ्याकूट वाटतो. पावसाच्या नोंदींवर काम केलं की पटतं की यातली एकही स्थिती कमी करता येत नाही.

१०.१५

लोअर परळला उतरून, पूल ओलांडून, करी रोडवरून भारतमातापर्यंत चालत. ऑफिस त्याच भागात, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका इमारतीत. पावसाचं पाणी शहरात कुठे तुंबतं याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेला जुन्या-नव्या सगळ्या पर्जन्यनोंदी एका साच्यात हव्या आहेत. त्यासाठी लागणारी वर्णनं आम्ही लिहितो.

सकाळचा पहिला विषय सिनॉप. वेधशाळा दर काही तासांनी हवामानाची स्थिती ज्या सांकेतिक मजकुरात पाठवत आल्या, तो हा प्रकार. पाच-पाच अंकांचे गट, मध्ये जागा. ४३०५७ म्हणजे कुलाबा, ४३००३ म्हणजे सांताक्रूझ. पहिल्या भागात ६ ने सुरू होणारा गट पावसाचा: ६ नंतरचे तीन अंक पाऊस, शेवटचा अंक तो किती तासांचा हे सांगणारा.

ते तीन अंक एकदा नीट पाहण्यासारखे आहेत. ००१ पासून ९८८ पर्यंत सरळ मिलिमीटर. ९८९ म्हणजे ‘९८९ किंवा त्याहून जास्त’. ९९० म्हणजे ट्रेस, पाऊस पडला पण मोजण्याइतका नाही. आणि ९९१ ते ९९९ म्हणजे ०.१ ते ०.९ मिलिमीटर. म्हणजे हा आकडा ९८९ पर्यंत चढत जातो आणि तिथून थेट तळाला येऊन पुन्हा बारीक पावलांनी चढतो. कुणी हा रकाना नुसता ‘पूर्णांक’ म्हणून जाहीर केला आणि सर्वांत मोठा पाऊस कोणता असं विचारलं, तर दादरच्या फुटपाथवर चार थेंब पडलेला दिवस २६ जुलैच्या वर जाऊन बसेल.

सांताक्रूझचे ९४४ या साच्यात मावले, तेही ९८९ च्या उंबरठ्याच्या थोडेच अलीकडे. चेरापुंजीला १६ जून १९९५ ला चोवीस तासांत १५६३ मिलिमीटर पाऊस झाला; या तीन अंकांत तो ‘९८९’ एवढाच लिहिता येतो. म्हणून आमच्या वर्णनात ९८९ ही किंमत आकडा म्हणून बाहेर पडत नाही. ती ‘किमान’ अशा वेगळ्या खुणेसह बाहेर पडते आणि ट्रेसला स्वतःचा वेगळा घटक आहे. स्कीमा लांबतो खरा, पण ही लांबी मी कुणाला कापू देत नाही.

११.४०

पुण्याचा मुलगा आणि मी, स्क्रीन समोर, वाद रंगलेला.

सिनॉपमध्ये पावसाचा गट कधी कधी असतच नाही. का नाही, हे स्थानकाच्या क्रमांकानंतरच्या गटातला पहिला अंक सांगतो. तो ३ असेल तर पाऊस शून्य होता म्हणून गट गाळला. ४ असेल तर मोजमाप उपलब्ध नाही म्हणून गाळला. रिकामी जागा दोन्हीकडे सारखीच दिसते. अर्थ मात्र एकीचा ‘कोरडं होतं’ आणि दुसरीचा ‘आम्हाला ठाऊक नाही’. ज्यांनी हा संकेत ठरवला त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. तारेवर एकेक अक्षर वाचवण्याच्या काळातही त्यांनी या दोन गोष्टी एक होऊ दिल्या नाहीत.

मुलाने वर्णन असं लिहिलं होतं: तो अंक १ असेल तर पावसाचा गट एकदा येणार, ३ किंवा ४ असेल तर शून्य वेळा. संख्या आधीच्या अंकावरून काढायची. स्वच्छ आणि सुटसुटीत.

मी विचारलं, ‘अंक ३ आहे आणि गटही आलाय, तर?’

‘तर फाइल चुकीची आहे, ताई. पार्सरने थांबावं.’

‘आणि त्या दिवशीचा पाऊस?’

तो गप्प झाला. चूक निरीक्षकाच्या घाईची असेल, तारेवरची असेल, नंतर टंकन करणाऱ्याची असेल. पण पार्सर थांबला तर त्या नोंदीतलं तापमान, दाब, वारा, सगळंच हातचं जातं आणि पावसाचा आकडाही कुणाला दिसत नाही. न थांबता गुपचूप पुढे गेला तर आणखी वाईट: गट ‘शून्य वेळा’ येणार असं ठरलेलं, त्यामुळे पावसाचे पाच अंक पुढच्याच कुठल्या तरी गटाच्या नावावर वाचले जातील.

मग आम्ही मांडणी बदलली. गट असेल की नसेल हे आधीच्या अंकावर न सोडता पार्सरला प्रत्यक्ष बघू द्यायचं: पहिल्या भागात या जागी ६ ने सुरू होणारा गट दिसला तर घे, नाही दिसला तर पुढे जा. दोन्ही गोष्टी वाचून झाल्या की एक ‘असर्ट’ त्यांची गाठ घालून बघतो. जुळत नसतील तर तक्रार नोंदवतो, पण वाचन थांबवत नाही. स्पेसिफिकेशनमध्ये अशा असर्टसाठी ‘रिकव्हरेबल एरर’ ही सोय आहे. २०२१ च्या दस्तऐवजातल्या ज्या सोयींवाचून माझं पानही हलत नाही, त्यांतली ही पहिली. फाइलमध्ये जे आहे ते आहे तसं बाहेर यावं आणि विसंगती तिच्याबरोबर उघडपणे यावी. दोन साक्षी जुळत नाहीत तेव्हा एकीला गप्प करणं हे आमचं काम नाही.

१.३०

डबा खाता खाता काकांना फोन. आमच्या शेजारच्या वाडीत राहतात. आयुष्यभर वेधशाळांत निरीक्षक होते. ट्रेस नेमका कधी लिहायचे, हे मला पुस्तकातून नको होतं.

‘अगं, सोपं आहे,’ काका म्हणाले. ‘फनेल ओलं दिसतं, बाटलीत तळाला ओल असते, पण मोजपात्रात ओतलं तर पहिल्या रेघेपर्यंतही येत नाही. मग ट्रेस. आणि थेंब पडताना तू स्वतः पाहिलेस, पण बाटली कोरडी, तरीही ट्रेस. डोळ्यांनी पाहिलंय ना!’

पहिली रेघ ०.१ मिलिमीटरची. पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असेल तर ०.१ मिलिमीटर म्हणजे दोन मिलिलीटर पाणी, औषधाच्या अर्ध्या चमच्याहून कमी. याच मापाने ९४४.२ मिलिमीटरचे जवळजवळ एकोणीस लिटर होतात. तेवढं पाणी बाटलीत मावत नाही, ते पुन्हा पुन्हा ओतून मोजत राहावं लागतं. दोन मिलिलीटरच्या अलीकडची ओल आणि एकोणीस लिटर पाणी, दोन्ही एकाच रकान्यात उतरायची आहेत.

२.३०

दुपारचा मोठा विषय बफर. सिनॉपची जागा आता जागतिक हवामान संघटनेच्या या द्विमान (बायनरी) साच्याने घेतली आहे. इथे मजकूर नाही, नुसते बिट. चोवीस तासांच्या पावसाला चौदा बिट. वाचण्याचा नियम असा: चौदा बिटांतली संख्या घ्या, त्यातून एक वजा करा, दहाने भागा, उत्तर मिलिमीटरमध्ये.

२६ जुलैचा पाऊस या साच्यात घालून पाहू. ९४४.२ ला दहाने गुणलं की ९४४२, त्यात एक मिळवला की ९४४३, आणि चौदा बिटांत ते होतं १००१००१११०००११. उलट जाऊन पाहा: ९४४३ वजा एक, भागिले दहा, ९४४.२. चोख.

तो एक वजा करायचा कशाला, असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. ट्रेससाठी. चौदाही बिट शून्य असतील तर नियमाने उत्तर येतं उणे ०.१ मिलिमीटर, आणि उणे पाऊस जगात पडत नसल्यामुळे ती किंमत ट्रेसला देऊन टाकली आहे. कोरडा दिवस म्हणजे संख्या १. चौदाही बिट एक असतील तर नोंदच नाही. बिटांतलं शून्य म्हणजे शून्य पाऊस नव्हे, हे इथे डोक्यात पक्कं बसवावं लागतं.

आता हेच न कळलेला प्रोग्राम काय करील ते पाहा. नोंद नसलेल्या दिवशी त्याला चौदा एक दिसतील, म्हणजे १६३८३. तो एक वजा करून, दहाने भागून १६३८.२ मिलिमीटर पाऊस दाखवील. चेरापुंजीच्या त्या दिवसापेक्षा जास्त! एवढी मोठी चूक निदान डोळ्यांवर येते. ट्रेसची चूक येत नाही. महिन्याची बेरीज करताना प्रत्येक ट्रेसला ०.१ मिलिमीटर वजा होत जातो. जूनच्या सुरुवातीला, पाऊस येऊ घातलेला असताना, किंवा ऑक्टोबरात, अशा झिरमिर दिवसांची रांग लागते आणि बेरीज हळूहळू खाली सरकते. कुणालाही शंका येत नाही, कारण आकडा दिसायला शहाणा असतो.

म्हणून वर्णनात आज तीन वाक्यं नव्याने घातली. चौदा बिट सगळे एक: निल. संख्या शून्य: ट्रेस, आकडा बाहेर काढायचा नाही, खूण काढायची. बेरजेत ट्रेस शून्य धरायचा, पण मूळ नोंदीत तो शून्य करायचा नाही. तिसऱ्या वाक्यावर सहकाऱ्याचं म्हणणं होतं की बेरीज कशी करावी हे फॉरमॅटच्या वर्णनात सांगायचं कारण नाही. तत्त्वाने त्याचं बरोबर आहे. तरी मी ते वाक्य ठेवलं. आमचं वर्णन वाचणारा माणूस पुढच्याच मिनिटाला बेरीज करणार आहे, आणि त्या वेळी आम्ही शेजारी बसलेलो नसणार.

४.१५

चहा. बाहेर धो धो, आणि हिंदमाताला पाणी भरतंय का याची ऑफिसात चौकशी सुरू. त्याच वेळी त्या अभ्यासू संस्थेतल्या मॅडमचा फोन. शहरातल्या स्वयंचलित पर्जन्यमापकांच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत. त्यांत ट्रेस कुठेच कसा नाही?

असणार नाही. या यंत्रात एक छोटीशी वाटी असते. ठरावीक पाणी साठलं की ती कलंडते, आणि मोजली जाते ती कलंडण्याची संख्या. वाटी पाऊण भरून थांबली तर यंत्र शून्यच सांगणार, आणि उरलेलं पाणी पुढच्या सरीच्या खात्यात जाणार. हे शून्य काकांच्या शून्यासारखं नाही. काकांचं शून्य म्हणजे ‘मी पाहिलं, कोरडं होतं’. यंत्राचं शून्य म्हणजे ‘वाटी कलंडली नाही’. आणि बॅटरी बसली असेल तर काही यंत्रांच्या फाइलींत ती ओळच येत नाही, काहींत दोन स्वल्पविरामांच्या मध्ये मोकळी जागा येते.

मॅडमना मी म्हटलं, ‘दोन्ही शून्यांना आम्ही वेगळी नावं देतोय. एकत्र करायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण आमच्याकडून ती एक होऊन येणार नाहीत.’ त्यांना हे पटलं. हिंदमातासारख्या खोलगट ठिकाणी पंधरा मिनिटांतला फरक फार मोठा असतो, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे.

५.१०

दिवसातलं माझं आवडतं काम शेवटी ठेवलं होतं: जुनी हस्तलिखित कोष्टकं, आता टंकन होऊन आलेली.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली, आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी होऊ लागल्या. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ तिचा कारभार पाहिला. केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी तिथेच साहाय्यक होते. मराठीत आधुनिक गणित-ज्योतिषाची घडी बसवणारा हा माणूस आधी रात्री-अपरात्री उठून आकडे उतरवून घेत होता, याचं मला फार अप्रूप आहे.

जुन्या कोष्टकांत एज केस आहे वेळेचा. रकान्यात नुसतं ‘सकाळी १०’ लिहिलेलं असतं. कुठले दहा? भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ मध्ये. त्याआधी मुंबईला स्वतःची वेळ होती, आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि १९०६ नंतरही शहराने ती सहजासहजी सोडली नाही. बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत वापरात होता. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं या शहरात एकाच क्षणी दोन घड्याळं बरोबर होती.

डीएफडीएलमध्ये एक गुणधर्म आहे: वेळेबरोबर टाइमझोन लिहिलेला नसेल तर कुठला धरायचा. मुलाने तिथे सगळीकडे अधिक ५.३० भरून ठेवलं होतं. ‘भारतातल्याच नोंदी आहेत ना, ताई!’ मी ते खोडायला लावलं. कोष्टकाच्या पहिल्या पानावर वेळ कुठली ते छापलेलं असेल तर ती भरायची, नसेल तर गुणधर्म मोकळा ठेवायचा. स्पेसिफिकेशन तशी मुभा देतं. १८४५ सालच्या माणसाने जे लिहिलं नाही ते आपण त्याच्या तोंडी का घालायचं? ३९ मिनिटं महिन्याच्या बेरजेत दिसणार नाहीत. पण कुणी उद्या दुपारचं वादळ तासातासाने मांडायला बसलं तर ती ३९ मिनिटं आमच्या नावावर जातील.

६.३०

दिवसभराची स्पष्टीकरणं एकत्र करून पाठवली. निघण्याआधी मुलाचा शेवटचा प्रश्न, आणि तो इतका चांगला होता की मी पुन्हा बसले.

‘ताई, चौदा बिटांत जास्तीत जास्त १६३८.१ मिलिमीटर मावतात. रीयुनियन बेटावर १९६६ साली चोवीस तासांत १८२५ मिलिमीटर पडलाय. तसा पाऊस पुन्हा पडला तर?’

बफरमध्ये त्याची सोय आहे. फाइलमध्येच एक सूचना देता येते की पुढचा रकाना इतक्या बिटांनी रुंद करा. दोन बिट वाढवले की रकाना सोळा बिटांचा होतो आणि १८२५ आरामात बसतो. पण आमच्या स्कीमात रकान्याची रुंदी चौदा अशी ठोकून लिहिलेली आहे. ती त्या सूचनेवरून काढावी लागेल. आणि खरी अडचण पुढे आहे. सोळा बिटांत ‘नोंद नाही’ची खूण म्हणजे सोळा एक, ६५५३५. मग १६३८३ ही संख्या नोंद नसल्याची खूण राहत नाही, ती १६३८.२ मिलिमीटरचा खराखुरा पाऊस होते. आमचं वर्णन मात्र अजून तिला निल म्हणतंय, म्हणजे नेमका तेवढा पाऊस झाला तर आम्ही तो पुसून टाकू.

निलची किंमत कायमची लिहून चालणार नाही, ती रुंदीवरून काढली पाहिजे. उद्या सकाळी पहिली टेस्ट केस हीच: सोळा बिट, संख्या १६३८३, उत्तर १६३८.२. दुसरी: सोळा बिट, सगळे एक, उत्तर निल. दोन्ही मुलाच्या नावावर टाकल्या, कारण प्रश्न त्याचा होता.